कळा आणण्याची घाई कशाला?

परवा सकाळी दवाखाना उघडून बसतो न बसतो तोच गावातल्या एक आजी आपल्या नातसुनेला घेऊन आल्या. हातात सोनोग्राफीचे कागद, चेहऱ्यावर काळजी. नातसुनेला चाळीस आठवडे पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. कळा नाहीत, पाणी गेलेले नाही, बाळाची हालचाल उत्तम, रक्तदाब ठीक. नाव शहरातल्या एका प्रसूतिगृहात घातलेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी "अजून पाच दिवस वाट पाहू, दर दोन दिवसांनी दाखवून जा" असे सांगितले होते आणि तेच आजींना पसंत नव्हते. "डॉक्टर, तुम्ही घरचे म्हणून आले. तारीख होऊन गेली. गुरुवारी दिवस चांगलाय. एक कळांचं इंजेक्शन मारा आन् मोकळी करा पोरीला. पूर्वी तुम्हीच मारत होता की!"

शेवटच्या वाक्याने मी जरा गप्प झालो. होय, पूर्वी मी मारत होतो. म्हणूनच आजचा लेख.

मी महाळुंग्यात दवाखाना टाकला तेव्हा १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेली क्रीडानगरी शेजारी नवीकोरी उभी होती, आणि बाकी गाव मात्र भात, ऊस आणि गोठ्यांचे होते. आज त्याच रानात वीस-वीस मजली इमारती आहेत, हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतली मंडळी राहायला आली आहेत आणि २०२१ पासून गाव पुणे महापालिकेत गेले आहे. बाळंतपणाचेही तसेच. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली निम्म्याहून थोडीच अधिक बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण शंभरात जवळजवळ पंचाण्णव झाले. इतके सगळे बदलले, पण घाई काही बदलली नाही. जुन्या घरातल्या आजीला गुरुवार हवा असतो, इमारतीतल्या तरुण जोडप्याला नवऱ्याची रजा संपायच्या आत बाळ हवे असते. दोघांचीही समजूत एकच, की कळा म्हणजे नळाचे पाणी आहे आणि इंजेक्शन म्हणजे त्याची तोटी.

कळा मुळात लागतात कशा, हे आधी पाहू.

कळा आणणारे म्हणून जे इंजेक्शन प्रसिद्ध आहे त्याचे नाव ऑक्सिटोसिन. हे बाहेरचे औषध नाही, आपल्याच शरीरातले संप्रेरक म्हणजे हार्मोन आहे. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिच्यातून ते रक्तात येते. १९०६ साली हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने या ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते हे दाखवले. १९५३ साली अमेरिकेत व्हिन्सेंट द्यु विग्नो यांनी ते प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले. तेव्हापासून ऑक्सिटोसिन काचेच्या कुपीत मिळू लागले. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थच मुळी 'झटपट प्रसूती' असा आहे. माझ्या मते अर्धा घोटाळा या नावानेच केला.

कारण नुसते हार्मोन असून काही होत नाही. आमच्याकडे मुळा नदीच्या पाण्यावर ज्यांनी शेती केली त्यांना हे चटकन कळेल. मोटर चालू केली, पाटाला पाणी आले, पण वाफ्याचे दार मोडलेच नाही तर पाणी वाफ्याला वळसा घालून पुढे निघून जाते. म्हणून तर रात्री-अपरात्री फावडे घेऊन दारे धरायला जावे लागते. शरीरातही रक्ताच्या पाटातून हार्मोन सगळीकडे फिरत असते. ते कुठल्या अवयवात काम करील हे त्या अवयवाच्या पेशींवर असलेली दारे ठरवतात. या दारांना आम्ही डॉक्टर रिसेप्टर म्हणतो, मराठीत ग्राही असा शब्द आहे. प्रत्येक हार्मोनचे दार वेगळे. ऑक्सिटोसिनच्या दाराने दुसरे हार्मोन सहसा आत शिरत नाही.

आता गंमत पाहा. बाळंतपणाच्या आधीच्या दिवसांत आईच्या रक्तातले ऑक्सिटोसिन फारसे वाढत नाही. पाट होता तसाच वाहत असतो. वाढतात ती दारे. १९८२ साली अ‍ॅना-रिटा फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी गर्भाशयाच्या स्नायूतले रिसेप्टर मोजून हे जगापुढे मांडले. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात ही संख्या कमी असते, दिवस भरत येतात तशी ती वाढत जाते आणि कळा सुरू होण्याच्या सुमारास सर्वांत जास्त होते. म्हणजे ज्या ऑक्सिटोसिनने चौथ्या महिन्यात पोटात काही हलले नाही, तेवढ्याच ऑक्सिटोसिनने नवव्या महिन्यात पोट दगडासारखे घट्ट होते.

मग चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंत ही दारे बंद कोण ठेवते? ते काम प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे. गर्भाशयाला शांत ठेवणे ही त्याची जबाबदारी. शेळ्या-मेंढ्यांत व्यायच्या आधी रक्तातले प्रोजेस्टेरॉन एकदम उतरते. राखण्याने पाठ फिरवली की पुढचे काम सुरू. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग करून दाखवले की तिथे इशारा पोटातल्या कोकराकडून येतो. त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून कॉर्टिसोल हे हार्मोन वाढते आणि चक्रे फिरतात. आता वेळ झाली, हे आई नव्हे, कोकरू ठरवते! या कामातूनच पुढे १९७२ साली लिगिन्स आणि हॉवी यांनी एक शोध प्रसिद्ध केला. दिवस भरायच्या आत प्रसूती होण्याची भीती असेल तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शने द्यायची, म्हणजे बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. आज असंख्य अपुऱ्या दिवसांची बाळे त्यामुळे जगतात. मेंढीचे उपकार माणसावर असे.

माणसात मात्र गोष्ट थोडी वेगळी आहे. आपल्याकडे प्रसूतीच्या आधी रक्तातले प्रोजेस्टेरॉन उतरत नाही, वार पडेपर्यंत ते भरपूर असते. राखण्या दारातच उभा आहे, पण त्याचे कुणी ऐकेनासे झाले आहे, अशी ती स्थिती. हे कसे होते? प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर मुख्यतः दोन प्रकारचे. एक प्रकार 'शांत राहा' हा हुकूम नीट पाळतो, दुसरा त्यात मोडता घालतो. दिवस भरत आले की दुसऱ्या प्रकाराचे पारडे जड होते. मग गर्भाशयाच्या पेशी एकमेकींना जोडल्या जातात, ऑक्सिटोसिनची दारे वाढतात, प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊन पिशवीचे तोंड मऊ पडू लागते. याचा रोकडा पुरावा म्हणजे मिफेप्रिस्टोन ही गोळी. आपल्या देशात तिला २००२ साली परवानगी मिळाली. ती रक्तातले प्रोजेस्टेरॉन कमी करत नाही, फक्त त्याचे दार अडवून बसते, आणि तेवढ्याने गर्भ सुटतो. म्हणून ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, कुणा मैत्रिणीने सांगितली म्हणून घेऊ नये. रक्तस्रावाने पांढरीफटक पडलेली मुलगी रिक्षातून दवाखान्यात आणलेली मी पाहिली आहे.

दिवस भरायच्या आत कळा येऊ नयेत म्हणून दर आठवड्याला दंडात किंवा कमरेत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे एक इंजेक्शन वर्षानुवर्षे दिले गेले. पाटात आधीच पाणी भरपूर असताना आणखी पाणी सोडण्याचा तो प्रकार. मोठी चाचणी झाली तेव्हा त्याचा अपेक्षित फायदा दिसला नाही आणि एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याची मान्यता काढून घेतली. पिशवीचे तोंड आखूड झालेल्या स्त्रियांना योनीमार्गे ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनचा मात्र उपयोग होतो, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी ते दिले असेल तर माझा लेख वाचून बंद करू नका.

आता माझी कबुली.

१९९८ चा पावसाळा. मुळशीच्या आतल्या भागातल्या एका वाडीवरून रात्री बोलावणे आले. पहिलटकरीण, आदल्या संध्याकाळपासून कळा, पिशवीचे तोंड दोन बोटे उघडलेले. खरे तर सगळे व्यवस्थित चालले होते. पहिल्या बाळंतपणाला वेळ लागतोच. सुईण शांत होती. पण ओसरीवर पंधरा-वीस माणसे जमलेली आणि शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरची ख्याती अशी, की तो एका इंजेक्शनात बाई मोकळी करतो. कुणीतरी म्हणालेही, "ह्यांना जमत नसंल तर त्यांना आणू." मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. मी पेटी उघडली आणि ऑक्सिटोसिन स्नायूत टोचले.

पंधरा मिनिटांत कळा एकावर एक चढू लागल्या. दोन कळांमध्ये उसंतच राहिली नाही. वाचकांनी ही उसंत नीट लक्षात घ्यावी. कळ येते तेव्हा गर्भाशयाचा स्नायू आवळतो, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि तेवढा वेळ बाळाला प्राणवायू कमी पडतो. कळ ओसरली की रक्त पुन्हा वाहते, बाळ दम घेते. उसंत गेली की बाळाचा श्वासच गेला. पोटाला नळी लावून ऐकले तर बाळाचे ठोके, जे एकशे चाळीसच्या घरात होते, ते ऐंशीवर आलेले. स्नायूत दिलेले औषध परत काढून घेता येत नाही. पावसात जीप शोधली, शहराकडे निघालो. बाळ जन्मले तेव्हा रडले नाही. रुग्णालयातल्या मंडळींनी त्याला जगवले. आज तो तरुण तिशीकडे झुकला आहे, घरच्या दुकानात बसतो. चालताना त्याचा एक पाय ओढतो आणि बोलताना जीभ अडखळते. त्या इंजेक्शनामुळेच असे झाले हे मी सिद्ध करू शकत नाही. त्यामुळे झाले नाही, असेही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्या घराने मला कधी दोष दिला नाही, उलट आजही ते औषधाला माझ्याकडेच येतात. तेच मला जड जाते.

आमच्या विद्यार्थिदशेत रिसेप्टरचा धडा होता, परीक्षेपुरता. वाडीवरच्या कंदिलाच्या उजेडात तो आठवला असता तर हात थांबला असता. त्या मुलीला कळा लागलेल्याच होत्या, म्हणजे तिच्या गर्भाशयाची सगळी दारे सताड उघडी होती. अशा वेळी पाटात एकदम लोंढा सोडला तर वाफा वाहूनच जाणार. उलट जिची दारे अजून उघडलेली नाहीत, तिला तेच औषध द्या. तास-तास काही होत नाही. मग मात्रा वाढवा, आणखी वाढवा, आणि संध्याकाळी 'कळा आल्या नाहीत' म्हणून सिझेरियन. एकच कुपी, एकच मात्रा, एकीला वादळ आणि दुसरीला काहीच नाही. कुणाच्या पोटात किती दारे उघडली आहेत हे बाहेरून मोजायचे यंत्र कुठल्याच दवाखान्यात नसते. म्हणून प्रसूतितज्ज्ञ हे औषध सलाईनमधून थेंबाथेंबाने, अगदी कमी मात्रेत सुरू करतात, शेजारी बसून कळा आणि बाळाचे ठोके मोजतात आणि जरा बिघडले की थेंब बंद करतात. प्रसूतीआधी कळा आणायला हे औषध स्नायूत टोचणे ही शुद्ध जुगारी आहे. आधीचे सिझेरियन झालेल्या बाईला तर जुना टाकाच उसवण्याची भीती.

याहून एक बारीक गोष्ट आहे. ऑक्सिटोसिन फार वेळ, फार मात्रेत चालू ठेवले तर गर्भाशयाच्या पेशी कंटाळून आपली दारे आत ओढून घेतात. रिसेप्टर कमी होतात. मग बाळ बाहेर आल्यावर, जेव्हा पिशवी करकचून आवळायला हवी, तेव्हा ती सैल पडते आणि रक्त थांबत नाही. म्हणजे आज सकाळी केलेल्या घाईची किंमत आईने रात्री मोजायची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितले की पिशवीचे तोंड तासाला एक सेंटिमीटर या वेगाने उघडत नाही एवढ्याच कारणाने कळा वाढवण्याचे औषध देऊ नये. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने प्रसूतिगृहांच्या सुधारणेसाठी 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यातही विनाकारण कळा आणू वा वाढवू नयेत असे आहे. नियम कागदावर चांगले आहेत. पण प्रसूतिगृहाच्या दारात दहा नातेवाईक उभे राहून "अजून किती वेळ?" असे दर पंधरा मिनिटांनी विचारू लागले की नियम पाळणाऱ्याची कसोटी लागते. थांबणारा डॉक्टर लोकांना आळशी वाटतो आणि टोचणारा हुशार. यात डॉक्टरांचा दोष नाही असे मी म्हणत नाही. माझ्याच व्यवसायातल्या काही जणांना रात्रीच्या जागरणापेक्षा दुपारची प्रसूती सोयीची वाटते, हे लपवून काय उपयोग? पण निसर्गाला ही सोय मान्य नाही. आपोआप होणारी बाळंतपणे जास्त करून मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या सुमारास होतात. गर्भाशयाच्या स्नायूवर मेलाटोनिन या अंधारात स्रवणाऱ्या हार्मोनचेही रिसेप्टर सापडले आहेत, आणि ते ऑक्सिटोसिनच्या जोडीने काम करते. तीस वर्षे रात्री माझे दार का वाजत होते, ते मला या वयात कळले.

नातेवाइकांच्या गर्दीवरून आणखी एक. गर्भाशयावर अ‍ॅड्रिनलिनचेही रिसेप्टर असतात. भीती वाटली, कुणी खेकसले, की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढते आणि ते गर्भाशयाला सैल सोडते. कळा मंदावतात. गाय-म्हैस व्यायला लागली की आपण पोरांना गोठ्यातून हाकलतो, कुत्रे बांधून ठेवतो. सुनेच्या बाबतीत मात्र "जरा जोर लाव की, एवढं काय मोठं झालं!" म्हणून ओरडतो आणि मग कळा कमी पडल्या म्हणून इंजेक्शन मागतो. जुनी सुईण कमरेला शेक द्यायची, चालायला लावायची, गूळपाणी द्यायची आणि बायकांना हळू बोलायला सांगायची. तिच्या काही गोष्टी चूक होत्या, एरंडेल पाजणे तर नकोच, पण ही गोष्ट तिला बरोबर कळली होती. सरकारी रुग्णालयांतही आता बाळंतिणीसोबत तिच्या विश्वासाच्या एका बाईला राहता येते. एकच बाई, पण शांत स्वभावाची निवडा. धाकटी मावशी बहुधा सासूपेक्षा बरी, असा माझा अनुभव आहे. सासूबाईंनी रागावू नये.

गोठ्याचा विषय निघालाच आहे तर म्हशीचेही बोलून घेऊ. कासेच्या पेशींवरही ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर असतात. रेडकू तोंड लावते, ऑक्सिटोसिन सुटते, पान्हा येतो. रेडकू मेले किंवा पान्हा चोरला की काही जण हेच इंजेक्शन टोचून धार काढतात. रोज टोचून टोचून जनावराला त्याची सवय लागते, मग इंजेक्शनाशिवाय ते दूध सोडत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असे टोचणे हा गुन्हा आहे. असे दूध प्यायल्याने मुली लवकर वयात येतात, अशी एक अफवा मधूनमधून दवाखान्यात ऐकू येते. त्यात तथ्य नाही. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमायनो आम्लांची छोटी साखळी, पोटात गेल्यावर ती पचून जाते. हाल होतात ते म्हशीचे.

हा गैरवापर थांबवण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली खासगी कंपन्यांना देशासाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी करून ते काम एकाच सरकारी कंपनीकडे द्यायचे ठरवले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला. मला तो निकाल योग्य वाटला. कारण हेच औषध बाळ झाल्यानंतर आईचा प्राण वाचवते, आणि एका कारखान्यावर देशभरच्या बाळंतिणी टांगून ठेवणे शहाणपणाचे नव्हते.

आजींनाही मी हेच समजावले. इंजेक्शन वाईट नाही, वेळ वाईट आहे. बाळ बाहेर आले की आता गर्भाशयाने जितके आवळावे तितके चांगले, बाळाचा श्वास अडकण्याचा प्रश्नच उरलेला नसतो. दारेही उघडी असतात. म्हणून प्रसूती होताच प्रत्येक बाईला दहा युनिट ऑक्सिटोसिन द्यावे, असा जगभरचा दंडक आहे. ते मिळत नाही तिथे काय करावे याचे उत्तर आपल्या सीमेवरच्या बेळगाव जिल्ह्याने दिले. तिथल्या खेड्यांत परिचारिकांनी बाळ झाल्याबरोबर बाळंतिणींना मिसोप्रोस्टोलच्या गोळ्या दिल्या. ही गोळी गर्भाशयाच्या दुसऱ्या दारातून, प्रोस्टाग्लँडिनच्या, काम करते. सोळाशेवर स्त्रियांची ही पाहणी २००६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आली. गोळी न मिळालेल्यांत शंभरात बाराजणींना जादा रक्तस्राव झाला, गोळी मिळालेल्यांत सहाजणींच्या आसपास. मोठ्या शहरातले रुग्णालय नव्हे, खेड्यातली परिचारिका आणि पाकिटातल्या गोळ्या!

ऑक्सिटोसिनची कुपी मात्र नाजूक. दोन ते आठ अंश तापमानात, म्हणजे फ्रीजमध्येच तिची ताकद टिकते. उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर राहिलेली कुपी दिसते तशीच, पण आतले औषध बरेचसे वाया गेलेले असू शकते. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे वेगळे सांगायला नको. तेव्हा प्रसूतिगृहात "कळांचं इंजेक्शन केव्हा देणार?" असे विचारण्यापेक्षा "बाळ झाल्यावर इंजेक्शन दिले ना? ते फ्रीजमधले होते ना?" असे विचारा. कुणी रागावले तर माझे नाव सांगा.

थांबायचे तरी किती, हा आजींचा प्रश्न रास्त होता. आपण म्हणतो नऊ महिने नऊ दिवस. तीस दिवसांचा महिना धरला तर दोनशे एकोणऐंशी दिवस झाले. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून दोनशे ऐंशी मोजतात. एका दिवसाचाच फरक! पण नेमक्या त्या दिवशी बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाचच. बाकीच्यांची दारे थोडी आधी किंवा थोडी नंतर उघडतात. सगळे ठीक असेल तर एक्केचाळीस आठवडे पूर्ण होईपर्यंत तपासणी करत थांबता येते. त्यापुढे मात्र थांबू नये, कारण वार दमू लागते. रक्तदाब वाढला, साखर असली, पाणी गेले, रक्त दिसले किंवा बाळाची हालचाल मंदावली तर एक तासही वाट पाहू नये, तारीख लांब असली तरी. अशा वेळी डॉक्टरांनी कळा आणायच्या म्हटले तर आनंदाने हो म्हणा. ते आधी जेल किंवा गोळीने पिशवीचे तोंड मऊ करतात आणि नंतरच सलाईन लावतात. मी विरोध करतो तो औषधाला नव्हे, पंचांगाला आणि रजेच्या अर्जाला.

आजींचे सगळे पटले असे नाही. "तुम्ही आता भित्रे झालात," असे म्हणून त्या उठल्या. नातसून मात्र जाताना दारात थांबून म्हणाली, "काका, मी थांबते." हे लिहीत आहे तेव्हा तिला चाळीस आठवडे आणि चार दिवस झाले आहेत. कळा अजून नाहीत. आज सकाळची तपासणी चांगली आली, बाळाचे ठोके एकशे अडतीस. रविवारी एक्केचाळीस आठवडे भरतात, त्या दिवशीची तिची दाखल होण्याची वेळ डॉक्टरीणबाईंनी ठरवून ठेवली आहे.